गळाचं अर्धं तिकीट

पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाकडे आपलं सरकार दोनच नजरांनी बघतं. हा एक तर ठेकेदार, नाही तर चोर. ठेकेदाराकडे करारपत्र असतं, चोराकडे नसतं. पण काठावर तिसराही कोणी उभा असू शकतो, त्याचं वय अकरा असू शकतं, त्याच्या हातात बांबूची काठी, खिशात कणकेची गोळी आणि जीव पाण्यावर हलणाऱ्या त्या बुचात असू शकतो, ही शक्यता कुठल्याच रजिस्टरात नोंदलेली दिसत नाही. माझी तक्रार या न नोंदलेल्या इसमाबद्दल आहे.

मूल म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला ठाऊकच नाही, असं नाही. रेल्वेला ठाऊक आहे. एसटीला ठाऊक आहे. कंडक्टर पोराच्या उंचीकडे बघतो, मग आईच्या चेहऱ्याकडे बघतो आणि अर्धं तिकीट फाडतो. आमच्या बँकेला तर फारच ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालच्या मे महिन्यात सांगून टाकलं आणि २०२५ साली पुन्हा बजावलं, की दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायला हरकत नाही. रकमेची मर्यादा बँकेने आपली आपण ठरवावी. म्हणजे पाचवीतला मुलगा माझ्या काउंटरवर टाचा उंचावून, जीभ बाहेर काढून, लपेटदार सही ठोकून स्वतःचे शंभर रुपये काढू शकतो. त्या शंभर रुपयांचा तो गळ आणि दोरा आणू शकतो. इथपर्यंत सगळं कायदेशीर आहे. तो गळ पाण्यात टाकू का, एवढं मात्र त्याने विचारू नये.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या कृपेने. ती न्यू जर्सीला असते. तिकडच्या शाळांना जूनच्या अखेरीस सुट्टी लागते, म्हणजे नेमकं आमच्याकडे छत गळायला लागतं तेव्हा. मग ती आपली दोन मुलं घेऊन दिंडोशीला येते. भाची सोळा पूर्ण, भाचा तेरा. मॉल त्यांना दाखवण्यात अर्थ नसतो, कारण मॉल त्यांनीच आम्हाला पाठवलेले आहेत. गेट वे झाला, राणीची बाग झाली, हिने केलेले मोदकही झाले. चौथ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, आपण फिशिंगला जाऊ या?"

यावर भाचीने पाकीट उघडून एक कागद काढला. तिचं मासे धरण्याचं लायसन! मी तो कागद कारकुनाच्या नजरेने वाचला: नाव, तारीख, मुदत. चोख होता. न्यू जर्सीत सोळा ते एकोणसत्तर वयाच्या माणसाला गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर लायसन लागतं, आणि ट्राउट जातीचा मासा धरायचा असेल तर वर आणखी एक स्टॅम्प लागतो, तोही या पोरीने घेतला होता. (स्टॅम्प शब्द ऐकल्यावर मला माहेरच्या माणसाचं नाव ऐकल्यासारखं झालं.) भाच्याला काहीच लागत नाही, कारण तो सोळाच्या आत आहे. तो त्याच राज्यातला आहे की दुसऱ्या मुलखातून आलेला पाहुणा आहे, हेही कोणी विचारत नाही.

इथे जरा थांबा, कारण माझं सगळं भांडण या ठिकाणी आहे. भाच्याला लायसन लागत नाही याचा अर्थ तो नियमाबाहेर आहे असा नव्हे. तो नियमात आहे. नियमाने त्याच्याकडे बघितलंय, त्याचं वय विचारलंय आणि 'तू जा' म्हटलंय. ज्याचं कर्ज माफ झालं तो आणि ज्याचं बँकेत खातंच नाही तो, दोघांनाही हप्ता भरावा लागत नाही. पण दोघं एकाच रांगेतले नव्हेत, हे कुठलाही कॅशियर सांगेल. आमच्या दिंडोशीचा पंधरा वर्षांचा मुलगा उद्या पाहुणा म्हणून न्यू जर्सीत गेला, तर तिथल्या सरकारी तळ्यावर ताठ मानेने गळ टाकू शकतो. न्यू जर्सीचा पंधरा वर्षांचा मुलगा दिंडोशीत आला, तर त्याने काय करावं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आणि दिंडोशीचा मुलगा दिंडोशीतच राहिला, तर त्याचे हाल विचारू नका. तो बिचारा कुठूनच पाहुणा आलेला नसतो.

इंग्लंडात तर याहून मजा. तेराच्या आत लायसन नको. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी लायसन घेतलंच पाहिजे, पण ते फुकट! २०१७ सालापासून ते असं फुकट वाटतात. आमचे मॅनेजर म्हणाले, हा शुद्ध वेडेपणा आहे, शून्य रुपयाचं व्हाउचर कोण फाडतं? मला मात्र त्या साहेबलोकांचं कौतुक वाटलं. पोराकडून पैसा नको, पण पोराचं नाव हवं. 'तू तेरा वर्षांचा झालास, आता हे पाणी तुझ्याही हिशेबात धरलं आहे,' असं सांगायची ही एक रीत झाली. सतराव्या वर्षी पैसे घेतात, तेव्हा गिऱ्हाईक सवयीचं झालेलं असतं. बँकेत याला आम्ही बालबचत योजना म्हणतो.

पाहुण्या पोराचा पुरा विचार मात्र कॅनडातल्या ऑन्टारिओने केला आहे. परदेशातून आलेला अठराच्या आतला मुलगा स्वतःचं लायसन न घेता गळ टाकू शकतो, अट एकच, बरोबर लायसनवाला मोठा माणूस हवा. आणि पोराने ठेवून घेतलेला मासा त्या मोठ्याच्या वाट्यातून वजा होतो. हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो. कारण ही आपलीच पद्धत! आपल्या सातबाऱ्यावर नाही का 'अ. पा. क.' असं लिहिलेलं असतं? अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत मुलाला 'अज्ञान' म्हणतात. (हा शब्द ज्याने योजला त्याला मुलं नसावीत.) जमीन पोराची, सही काकाची. शेतात चालतं, बँकेत चालतं, मग तळ्यावरच का चालू नये?

आता आमच्या भागाचा भूगोल सांगतो, म्हणजे दुखणं कळेल. दिंडोशी टेकडीच्या अंगावर वसलेली आहे, आणि टेकडीच्या पलीकडे तळीच तळी. विहार १८६० सालचं, तुळशी १८७९ सालचं, पवई १८९१ सालचं. तिन्ही इंग्रजांच्या मुंबईची तहान भागवायला बांधलेली. यांपैकी विहार आणि तुळशीचं पाणी आजही आपण पितो, आणि ती राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहेत. तिथे गळ टाकायचा नाही. बरोबर आहे, माझा काही वाद नाही. पिण्याच्या पाण्याच्या काठी माणसांची जत्रा नको आणि बिबट्याच्या घरात आपण विनाकारण जाऊ नये. पवईचं पाणी काही पिण्यालायक ठरलं नाही. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. ज्याला गळाचा नाद जन्मभर करायचा आहे त्याने जरूर सभासद व्हावं. माझा प्रश्न जन्मभराचा नाही, एका दुपारचा आहे. शिवाय पवईत मगरी आहेत, आणि बहिणीची मुलं मला बहिणीला मोजून परत करायची असतात.

म्हणून आम्ही चौथ्याच एका तळ्यावर गेलो. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला पुन्हा जायचं आहे. रिमझिम थांबलेली, काठावर गवत, पाण्यावर दोन-चार बगळे. भाच्याने काठी जुळवली आणि कणीक लावून गळ टाकला. पाचव्या मिनिटाला बूच हललं, दहाव्या मिनिटाला रखवालदार आला.

"ओ साहेब, मासे पकडायला बंदी आहे इथे."

"पाटी कुठे आहे?" मी विचारलं.

"ती काय."

पाटीवर 'पाण्यात पोहू नये' असं लिहिलं होतं.

"आम्ही पोहत नाही," मी म्हटलं.

"मासा पोहतो ना!"

या युक्तिवादाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. भाचीने आपला कागद पुढे केला. रखवालदाराने तो उलटा धरला, मग सुलटा धरला, मग अदबीने परत दिला. "हे तिकडचं आहे, ताई."

"मग इकडचं कुठे मिळतं?"

"इकडचं नसतं."

"म्हणजे जे लायसन नसतंच, ते आमच्याकडे नाही म्हणून बंदी?"

"तसंच धरून चाला," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. भाच्याचा उतरलेला चेहरा बघून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साडेचारला साहेब जातात. मग या."

परत येताना रिक्षात भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, साडेचारनंतर लीगल होतं का?"

मी एकवीस वर्षं बँकेत आहे, बायकोचे आणि हेडऑफिसचे नाना प्रश्न परतवले आहेत. या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. मूल पाण्याच्या काठी जातं ते मासा धरायला, आणि शिकून काय येतं, तर साहेब किती वाजता जातात! मी त्या रखवालदाराला दोष देत नाही. त्याच्या हातात कोणी नियमच दिलेला नाही, दिली आहे ती शिट्टी. आणि ज्याच्याकडे शिट्टीच आहे, तो ती वाजवणारच.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात मासेमारीचे नियमच नाहीत काय? आहेत की! भरपूर आहेत. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. २०२३ साली तर सरकारने चोपन्न जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून आखूड मासा धरायचा नाही. चंदेरी पापलेटाला ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी त्याला राज्यमाशाचा मानही मिळाला. फार चांगलं केलं. मासळीला अंडी घालायची उसंत मिळाली नाही, तर पुढच्या पिढीला पापलेट तसबिरीत दाखवावं लागेल. पण गंमत लक्षात घ्या. मासा अज्ञान आहे की सज्ञान, हे सरकारने मिलिमीटरात मोजलं आहे. गळ धरणारा अज्ञान आहे की सज्ञान, हे मोजायला फूटपट्टी उरली नाही.

गोड्या पाण्याची तऱ्हा निराळी. तिथे तलाव आणि धरणं बहुतेक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. त्या संस्था रोहू, कटला, मृगळ यांचं बीज विकत आणून सोडतात, ते वाढवतात आणि त्यावर त्यांची घरं चालतात. त्यांच्या माशावर कोणी फुकट हात मारावा असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढणाऱ्याला आम्ही काय करतो ते मला ठाऊक आहे. पण एका पोराच्या एका गळाला एका दुपारी लागून लागून लागणार काय? आमच्या गळाला लागला होता तो बोटभर तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला आणि इथे असा काही पसरलेला, की आता देशी माशांना तो अंग हलवू देत नाही. या अनिवासी माशाला कुणी व्हिसा विचारला नाही, आणि त्याला धरायला आलेल्या अनिवासी भाच्याला मात्र लायसन! खरं तर तिलापिया धरणाऱ्या पोराला तळ्याच्या मालकाने वर चणे-फुटाणे दिले पाहिजेत.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घेतो, कारण मला विरोध करणारी माणसं सरकारात कमी आणि आमच्या इमारतीत जास्त आहेत. तळमजल्यावरचे काका मालवणचे. मी मुलांच्या लायसनाची गोष्ट काढली मात्र, ते आरामखुर्चीतून कडाडले, "गरीक लायसन? उद्या माशाकडे आधार कार्ड मागशात!" मग त्यांनी आपलं बालपण काढलं. खाडी, होडी, गरवायला गेलेली पोरं, कसलं लायसन आणि कसलं काय. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. बालपण काढलं की मराठी माणसाची मान आपोआप डोलते.

पण काकांना मी एवढंच विचारतो, की तुमच्या काळी नियम नव्हते की कागद नव्हता? वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत, महाडकडे वाळणकोंडीत देवाचे मासे आहेत. हातभर मासा पायाशी येतो, पण गावचं शेंबडं पोरही त्याला धरत नाही. त्याला कुणी अधिसूचना वाचून दाखवलेली नसते. आजीने सांगितलेलं असतं. कुठल्या डोहात गरी टाकायची, कुठल्यात नाही, भरतीला कुठल्या खडकावर उभं राहायचं नाही, हे सगळं काकांना सातव्या वर्षी पाठ होतं. वलगणीचे मासे पहिल्या पावसात ओढ्याने वर चढतात ते अंडी घालायला. तेव्हा गाभोळीने भरलेली मासळी टोपल्या भरभरून धरायची चाल आहेच, पण 'पुरे आता, बाकीची जाऊ दे' म्हणणारा एखादा म्हाताराही बांधावर असायचा. काका, तुमच्याकडे लायसन नव्हतं, कारण तुमच्याकडे अख्खा गाव होता! आमच्या दिंडोशीत बावीस मजल्यांवर राहणाऱ्या पोराला बांधावरचा म्हातारा कुठून आणून देऊ? त्याला निदान एक पाटी तरी द्या.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पाण्यापाशी पोरं नकोत, बुडतात. खरं आहे, बुडतात. पावसाळ्यात जुन्या दगडखाणींच्या खड्ड्यांत पाणी साचतं आणि आमच्या उपनगरातली पोरं घरी न सांगता तिथे जातात. कुठली पोरं जातात? ज्यांना कुठल्याच पाण्याच्या काठी उघडपणे उभं राहायची सोय नाही, ती. बंदीमुळे पोर पाण्यापासून लांब जात नाही, माणसांपासून लांब जातं. साहेब गेल्यावर, साडेचारनंतर, कोणी बघत नसताना जातं. ऑन्टारिओवाल्यांनी मोठं माणूस बरोबर हवं म्हटलं, ते माशांच्या हिशेबासाठी असेलही; पण तेच माणूस घसरत्या पोराचा शर्टही धरतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जी तळी पिण्याची नाहीत, रानातली नाहीत, मगरीची नाहीत, अशा प्रत्येक तळ्याच्या काठी शंभर-दीडशे फुटांचा तुकडा दोन खुंट्या रोवून आखून द्यावा आणि पाटी लावावी. मजकूर मी ड्राफ्ट करून ठेवला आहे: 'सोळा वर्षांच्या आतील मुलांना, मग ती इथली असोत वा पाहुणी, सोबत मोठे माणूस असल्यास, एका काठीने व एका गळाने, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, दिवस मावळेपर्यंत मासे धरता येतील. दोन मासे न्यावेत, बाकीचे सोडावेत. तिलापिया हवा तेवढा न्यावा. पोटात गाभोळी दिसल्यास देशी मासा सोडून द्यावा. जाळे आणणाऱ्यास दंड होईल.' सोळा ते अठरा वयाच्यांना फुकट पण नावनिशीचं कार्ड द्यावं, फोटोसकट. म्हणजे माझ्या भाचीला पुढच्या खेपेला दोन देशांची लायसनं मिरवता येतील. संस्थेचा ठेका असेल तिथे त्या तुकड्यापुरती ठेक्याची रक्कम थोडी कमी करावी. एवढी वजाबाकी सरकारला जमावी. रखवालदाराला शिट्टीबरोबर एक फूटपट्टी द्यावी.

आमचे मॅनेजर म्हणतात, असं कार्ड देणार कोण? मत्स्य खातं म्हणेल महापालिकेचं तळं आहे, महापालिका म्हणेल मासा मत्स्य खात्याचा आहे, आणि दोघांच्या मधल्या टेबलावर पोराला मिसरूड फुटेल. भीती रास्त आहे. पण गोरेगाव-मालाडकडच्या माणसाने पाण्याच्या बाबतीत हार मानायची नसते. हा मृणालताई गोऱ्यांचा मुलूख. त्यांना लोक पाणीवाली बाई म्हणत, ते उगीच नव्हे. हंडे घेऊन मोर्चे निघाले, लाटणी घेऊन निघाले. बांबूच्या काठ्या घेऊन शंभर पोरं निघाली, तर पोलिसांना निदान लाठी आणि गळ यांतला फरक तरी कळेल.

आणि कार्ड द्यायला खरंच माणूस मिळत नसेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आमची बँक बंद असते. तळ्याच्या काठी टेबल टाकून मी बसतो. वयाचा दाखला बघेन, नमुन्याची सही घेईन, शून्य रुपयाचं व्हाउचर फाडीन. सरकारने एक रबरी शिक्का आणि शाईचं पॅड तेवढं द्यावं. छत्री माझी मी आणतो.